नवा ट्रिगर बसवला आणि रीसेट गेला: कॉम्पॅक्ट पिस्तुलाची तपासणी कुठून सुरू करावी

बाहेरच्या कंपनीचा ट्रिगर घरी बसवलेलं पिस्तूल माझ्याकडे येतं तेव्हा तक्रार बहुतेक वेळा तीच असते. पहिल्यांदा ट्रिगर नीट सुटतो, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाऊन पुढे येते आणि त्यानंतर ट्रिगर मेलेला. म्हणजे रीसेट होत नाही, पुन्हा ओढण्यासाठी सज्ज होत नाही. कधी तो मागेच पडून राहतो, कधी पुढे येतो पण ओढल्यावर काहीच होत नाही. पिस्तूल आणणाऱ्याच्या हातात अनेकदा बारीक कानसही असते, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की कनेक्टर, म्हणजे ट्रिगरच्या जोडणीतला पातळ पत्रा, थोडा घासला की काम होतं.

कानस बाजूला ठेवा. हा दोष बहुतेक वेळा जोडणीत, स्प्रिंगांच्या मेळात किंवा ट्रिगरवरच्या बारीक स्क्रूंमध्ये असतो. धातू घासून तो जात नाही. घासल्याने ट्रिगर चालू झालाच, तर पिस्तुलाची सुरक्षा आता कशाच्या आधारावर उभी आहे हे सांगणं अवघड होऊन बसतं.

इथे लिहिलेलं ग्लॉक १९ आणि त्याच धर्तीच्या स्ट्रायकर पिस्तुलांना लागू आहे. म्हणजे ज्यांत बाहेर हॅमर नाही, ट्रिगरच्या मधोमध छोटी सुरक्षा-पट्टी आहे आणि ट्रिगर बार (ट्रिगरपासून मागे जाणारी पट्टी) थेट स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या सुईची, खुंटी धरून ठेवतो. ज्या पिस्तुलांत स्ट्रायकर धरून ठेवणारा वेगळा सिअर ब्लॉक असतो त्यांची आतली रचना निराळी असते. त्यांना लक्षणं आणि सुरक्षेच्या चाचण्यांचा हेतू लागू पडेल, पण सुटे भाग आणि त्यांची जुळणी तशीच नसेल. ट्रिगर बदलायला तुमच्याकडचा कायदा, परवान्याच्या अटी आणि तुम्ही ज्या गटात स्पर्धा खेळता त्याचे नियम परवानगी देतात का, हे पिस्तूल उघडण्याआधी बघून घ्या.

आधी लक्षण नेमकं ओळखा

"ट्रिगर चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. खालीलपैकी नेमकं काय होतंय ते ठरवा, म्हणजे अर्धं काम झालं.

- स्लाइड ओढून सोडल्यावर ट्रिगर मागेच राहतो, पण बोटाने पुढे ढकलला तर येतो आणि मग नीट चालतो.
- ट्रिगर पुढे येतो, पण रीसेटची "टक" ऐकू येत नाही. पुन्हा ओढला तर पोकळ लागतो, जोरच लागत नाही.
- ट्रिगर भिंतीपर्यंत, म्हणजे मोकळी चाल संपते तिथपर्यंत येतो, जोर लागतो, पण सुटत नाही. कधी सुटतो, कधी नाही.
- ट्रिगर पुढे आल्यावरही मधली सुरक्षा-पट्टी आत दबलेलीच राहते.
- ट्रिगर सुटतो, पण काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टिकलीवर) नुसता ओरखडा किंवा उथळ खड्डा उमटतो.
- मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक असताना स्लाइड मागे अडकते, किंवा मॅगझिन रिकामी झाली तरी अडकत नाही.

शेवटचं लक्षण ट्रिगरचं वाटत नाही, पण ट्रिगर बसवल्यानंतरच उद्भवतं. त्याचं कारण पिनांपाशी सापडतं.

यांखेरीज एक लक्षण मी यादीत मुद्दाम घातलेलं नाही. ट्रिगर एकदा ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, किंवा स्लाइड पुढे आपटताच स्ट्रायकर आपोआप सुटला, तर पुढची कोणतीही तपासणी तुमच्यासाठी नाही. पिस्तूल रिकामं करा, बंद करून ठेवा आणि गनस्मिथकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या.

रिकामं करणं

मॅगझिन काढा. स्लाइड मागे अडकवा. चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर एकही नको. पुढच्या चाचण्यांत ट्रिगर पुन्हा पुन्हा ओढावा लागणार आहे आणि मधे फोन आला किंवा कुणी हाक मारली तर परत आल्यावर हे सगळं पहिल्यापासून करायचं. नळीचं तोंड कायम अशा दिशेला हवं जिथे चुकून सुटलेली गोळी कुणापर्यंत पोचणार नाही. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण या पिस्तुलातल्या स्प्रिंगा लहान असल्या तरी उडतात.

पहिली तपासणी: काहीही न उघडता रीसेट बघा

रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर ओढा आणि सोडू नका, मागेच दाबून धरा. दुसऱ्या हाताने स्लाइड पूर्ण मागे नेऊन सोडा. आता ट्रिगर अगदी हळू पुढे जाऊ द्या. ठराविक जागी बोटाला बारीक धक्का जाणवायला हवा आणि "टक" ऐकू यायला हवी. तिथून पुन्हा ओढला की स्ट्रायकर सुटायला हवा.

हेच स्लाइड सावकाश पुढे आणून करा, मग झटक्यात सोडून करा. झटक्यात सोडल्यावर नीट आणि सावकाश आणल्यावर बिघाड, असं होत असेल तर कुठेतरी घर्षण आहे किंवा स्प्रिंगांचा मेळ काठावर आहे. दोन्हीकडे सारखाच बिघाड असेल तर काहीतरी चुकीचं बसलंय.

ती "टक" कुठून येते हे समजलं की पुढच्या तपासण्या आपोआप उलगडतात. ट्रिगर ओढताना ट्रिगर बार मागे सरकतो आणि कनेक्टर त्याला खाली दाबतो. बार खाली गेला की स्ट्रायकरची खुंटी मोकळी होते. स्लाइड मागे जाताना तिची कड कनेक्टरला बाजूला ढकलते, त्यामुळे बार पुन्हा वर येतो आणि परतणाऱ्या स्ट्रायकरला पकडतो. बोट सैल केलं की बार पुढे सरकतो आणि कनेक्टर पुन्हा त्याच्यावर येऊन बसतो. तो बसण्याचा आवाज म्हणजे रीसेट. आवाज नाही, तर या साखळीतली एक कडी तुटलेली आहे.

दुसरी: घाण, तेल आणि स्लाइडची जागा

स्लाइड पूर्ण पुढे आलीय का बघा. ती मिलिमीटरभर मागे राहिली तरी ट्रिगर सुटणार नाही, आणि ते बरोबरच आहे, सुटायलाही नको. नवा ट्रिगर बसवताना स्लाइड पहिल्यांदा चढवली की ती कधी कनेक्टरच्या वर आलेल्या टोकाला अडते. जोर लावून ढकलू नका. फ्रेममध्ये कनेक्टर हाऊसिंगला (फ्रेमच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या, कनेक्टर धरणाऱ्या भागाला) टेकून, सपाट बसलाय का ते बघा.

मग फ्रेमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे कनेक्टर आणि ट्रिगर बार एकमेकांना टेकतात, तिथे तेलाचा एक थेंब द्या. एकच. हा बिंदू कोरडा राहिला तर ट्रिगर खरखरीत लागतो आणि रीसेट चिकटतो. नव्या भागांवरचं पॅकिंगचं घट्ट ग्रीस किंवा स्क्रूवरून ओघळलेलं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं रसायन) इथे सापडलं तर पुसून काढा. या तपासणीला काही खर्च नाही, आणि खरखरीत रीसेटच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

तिसरी: ट्रिगरवरचे दोन बारीक स्क्रू

बाहेरच्या ट्रिगरांत बहुधा दोन स्क्रू असतात. एक सुरुवातीची मोकळी चाल कमी करतो, दुसरा सुटल्यानंतरची चाल थांबवतो. विकत घेणाऱ्याला हेच आकर्षण असतं आणि माझ्यासमोर येणाऱ्या दोषांची मोठी रास याच दोन स्क्रूंमुळे असते.

सुटल्यानंतरची चाल थांबवणारा स्क्रू जास्त आत गेला, तर बार पुरेसा मागे जाण्याआधीच ट्रिगर थांबतो. मग ट्रिगर भिंतीवर येऊन उभा राहतो आणि सुटत नाही, किंवा कधी सुटतो कधी नाही. हा स्क्रू आधी सैल करा, इतका की त्याचा परिणामच राहणार नाही. ट्रिगर नियमित सुटू लागला तर दोष सापडला. आता स्क्रू थोडा थोडा आत घ्या. ट्रिगर अडायला लागेल तिथून निदान अर्धा फेरा मागे या आणि तिथेच ठेवा. टेबलावर स्वच्छ पिस्तुलात नेमका सुटणारा ट्रिगर, काजळी साठल्यावर अडू शकतो. तो अर्धा फेरा त्यासाठी आहे.

मोकळी चाल कमी करणारा स्क्रू जास्त गंभीर आहे. कारखान्यातून येणाऱ्या ग्लॉकच्या ट्रिगरची चाल साधारण १२.५ मिमी असते. ती लांब वाटते, पण त्या लांबीत तीन गोष्टी घडतात: सुरक्षा-पट्टी फ्रेमपासून सुटते, ट्रिगर बारचा वर आलेला हात स्लाइडमधला प्लंजर (स्ट्रायकरची वाट अडवणारा दट्ट्या) उचलतो आणि बारचा मागचा क्रूसाकृती भाग हाऊसिंगमधल्या कट्ट्यावरून उतरतो. तो कट्टा म्हणजे पिस्तूल पडल्यास गोळी सुटू न देणारा आधार. बार त्यावर टेकलेला असेपर्यंत तो खाली जाऊच शकत नाही.

मोकळी चाल स्क्रूने खाऊन टाकली की ट्रिगर कायम थोडा ओढलेल्या अवस्थेत राहतो. सुरक्षा-पट्टीला मागे टेकायला जागा मिळत नाही म्हणून ती आतच दबून राहते. प्लंजर अर्धवट उचललेला राहतो. बार कट्ट्याच्या कडेवर येऊन थांबतो. ट्रिगर हाताला छान, आखूड आणि कुरकुरीत लागतो, आणि तीनही सुरक्षा पातळ झालेल्या असतात. म्हणून सुरक्षा-पट्टी आत अडकण्याचं लक्षण दिसलं की पहिला संशय याच स्क्रूवर घ्या आणि तो पूर्ण सैल करा. तरीही पट्टी स्वतःहून बाहेर येत नसेल तर तो ट्रिगर त्या फ्रेमला जुळत नाही. परत करा.

जागा पक्की झाल्यावर मध्यम ताकदीचं, नंतर सोडवता येणारं थ्रेडलॉकर लावा. टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच. अशी रसायनं काही प्लास्टिकना तडे पाडतात, त्यामुळे ट्रिगर किंवा सुरक्षा-पट्टी प्लास्टिकची असेल तर ट्रिगर बनवणाऱ्याने काय लावायला सांगितलंय तेच लावा. लावल्यानंतर २४ तास पिस्तूल जोडू नका. ओलं थ्रेडलॉकर सुरक्षा-पट्टीच्या खाचेत उतरलं की तिथेच घट्ट होतं.

चौथी: पिना आणि स्लाइड अडकवणारी कळ

फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी पिना बघा. त्या फ्रेमच्या पृष्ठभागाशी सपाट हव्यात. एका बाजूने बाहेर डोकावणारी ट्रिगर पिन म्हणजे तिच्या खाचेत कळ नीट बसलेली नाही.

ट्रिगर पिन ३/३२ इंची, म्हणजे साधारण २.४ मिमीच्या पंचने अगदी हलक्या दाबाने जायला हवी. तिला हातोडीचे घाव लागत असतील तर भोकं एका रेषेत नाहीत. पंचने पिन ढकलताना दुसऱ्या हाताने कळ थोडी पुढेमागे हलवत राहा; जागा मिळाली की पिन स्वतःच सरकते. घाव घालून बसवलेली पिन ट्रिगरला दोन्ही बाजूंनी चिमटते आणि मग ट्रिगर मागेच अडून राहतो.

कळेच्या मागे एक बारीक तारेची स्प्रिंग असते. ती वरच्या छोट्या पिनेच्या खाली जायला हवी. वरून गेली तर कळेला खाली ओढणारं कुणी उरत नाही, ती स्लाइडच्या धक्क्याने वर उडते आणि भरलेल्या मॅगझिनवरही स्लाइड अडकते. तपासणी सोपी: स्लाइड काढा, कळ बोटाने वर उचला आणि सोडा. ती चटकन खाली आपटली पाहिजे. रेंगाळली तर स्प्रिंग चुकीच्या बाजूला आहे. ज्या पिस्तुलांत ही वरची पिन आहे तिथे उघडताना ती सगळ्यात आधी निघते आणि जोडताना सगळ्यात शेवटी जाते, एवढा क्रम पाळला तर ही चूक सहसा होत नाही.

ट्रिगरच्या दोन्ही कडाही याच वेळी बघा. अॅल्युमिनियमचा काळा ट्रिगर फ्रेमला घासत असेल तर त्याच्या एका कडेवर बारीक चंदेरी रेघ उमटलेली दिसते. ती रेघ ताजी आणि लांब असेल तर ट्रिगर त्या बाजूला कलतोय. पिन काढून पुन्हा बसवा. तरीही घासतच असेल तर फ्रेम कापू नका, ट्रिगर बदला.

पाचवी: स्प्रिंगांचा मेळ

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण या पिस्तुलात स्प्रिंगांचं गणित अनेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. गुंडाळी असलेली जुनी ट्रिगर स्प्रिंग ट्रिगर पुढे आणत नाही. ती ट्रिगर बारला मागे खेचते, म्हणजे तुमच्या बोटाला मदत करते. ट्रिगर पुढे आणण्याचं काम स्ट्रायकरची स्प्रिंग करते. ती खुंटीमार्फत बारला पुढे ढकलते. म्हणूनच स्लाइड काढलेल्या फ्रेमवर ट्रिगर मागे जाऊन पडतो. तो दोष नव्हे.

आता कुणी ट्रिगर हलका करायला दोन्हीकडून मदत घेतली, म्हणजे ट्रिगर स्प्रिंग जास्त ताकदीची आणि स्ट्रायकर स्प्रिंग कमी ताकदीची लावली, तर काय होईल? मागे खेचणारा जोर वाढला, पुढे ढकलणारा घटला. ट्रिगर मागेच राहणार. बोटाने पुढे ढकलल्यावर चालणारा ट्रिगर, हे पहिलं लक्षण बहुतांशी इथूनच येतं. उपाय स्वस्त आहे: कारखान्याची स्ट्रायकर स्प्रिंग परत घाला. ट्रिगर थोडा जड होईल, पण परत येईल.

प्रायमरवरचा उथळ खड्डाही याच हलक्या स्प्रिंगमुळे पडतो. घरी तपासायचं असेल तर साधी खोडरबर असलेली पेन्सिल घ्या. रिकाम्या पिस्तुलाचं तोंड वर करा, पेन्सिल रबराच्या बाजूने नळीत सोडा, चेहरा बाजूला घ्या आणि ट्रिगर ओढा. कारखान्याच्या स्प्रिंगवर पेन्सिल नळीबाहेर चांगली उडते. नव्या स्प्रिंगवर ती जागीच उडी मारून परत बसत असेल तर स्ट्रायकरमध्ये जोर नाही. दोन्ही स्प्रिंगा आलटूनपालटून लावल्या तर फरक डोळ्यांनी दिसतो.

ट्रिगर स्प्रिंग गुंडाळीची असेल तर तिच्या दोन टोकांचे हुक विरुद्ध दिशांना असतात आणि बसवल्यावर ती इंग्रजी एस अक्षरासारखी दिसायला हवी. उलटी बसली तरी पिस्तूल जोडलं जातं, म्हणून ही चूक सहज निसटते. ग्लॉकच्या पाचव्या पिढीत स्प्रिंगची रचना बदललेली आहे, तिथे हा नियम शोधू नका.

सहावी: एक एक मूळ भाग परत घाला

एवढ्यावर दोष गेला नाही, तर कारखान्याचे भाग परत घालायला सुरुवात करा, पण एका वेळी एकच. आधी स्ट्रायकर स्प्रिंग, मग कनेक्टर, मग ट्रिगर आणि बारचा संच. प्रत्येक बदलानंतर रीसेटची चाचणी. ज्या भागाने दोष गेला तो भाग दोषी. सगळे एकदम बदललेत तर पिस्तूल दुरुस्त होईल, पण कारण कळणार नाही, आणि नवा ट्रिगर परत घातला की दोषही परत येईल. म्हणूनच मूळ भाग कधी विकू नयेत, हरवू नयेत. चिठ्ठी लावलेल्या डबीत ठेवा.

सगळे मूळ भाग परत घालूनही दोष तसाच राहिला तर तो नव्या ट्रिगरचा नव्हता. थांबा आणि गनस्मिथकडे जा.

सातवी: हाऊसिंग बाहेर काढून

हाऊसिंग काढलं की कनेक्टर आधी बघा. तो खाचेत तळापर्यंत दाबलेला हवा आणि हाऊसिंगच्या बाजूला सपाट. वर राहिला तर स्लाइडला घासतो. तो आत वाकलेला असेल तर बारवर पुरेसा चढत नाही, मग रीसेटची टक हरवते आणि ट्रिगर पोकळ लागतो. वाकलेला कनेक्टर पकडीने सरळ करू नका. तो पातळ पत्र्याचा स्वस्त भाग आहे, नवा घाला.

ट्रिगर बार सपाट काचेवर ठेवून कडेने बघा. नव्या ट्रिगरला जुना बार जोडताना जोर लावला असेल तर तो पुढच्या टोकाशी पिळलेला असतो. तोही बदलायचा, सरळ करायचा नाही.

भागांची पिढी जुळते का हेही इथेच बघा. पाचव्या पिढीचा ट्रिगर बार आधीच्या पिढ्यांत चालत नाही. हाऊसिंगमध्येच रिकामी पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर बसवलेला असतो आणि तो कॅलिबरप्रमाणे बदलतो. अरुंद मॉडेलांचे भाग तर वेगळेच. "जवळजवळ बसतंय" हे इथे पुरेसं नाही.

प्रत्येक बदलानंतर सुरक्षेच्या चाचण्या

रीसेट आला म्हणजे काम झालं असं समजून पिस्तूल घेऊन जाणाऱ्यांना मी थांबवून या चाचण्या करायला लावते. चालणारा ट्रिगर आणि सुरक्षित ट्रिगर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

सुरक्षा-पट्टीला हात न लावता ट्रिगर फक्त कडेने धरून मागे ओढा. तो सुटता कामा नये. मग पट्टी दाबून सोडा. ती स्वतःहून, न चिकटता, बाहेर आली पाहिजे. दहा-वीस वेळा करा, कारण चिकटणारी पट्टी दर वेळी चिकटत नाही.

स्लाइड काढून उलटी धरा. स्ट्रायकरची खुंटी मागे ओढा आणि हळूच पुढे येऊ द्या. प्लंजर न दाबता खुंटीला अंगठ्याने पुढे ढकला. काडतूस टेकतं त्या ब्रीच फेसच्या भोकातून स्ट्रायकरचं टोक बाहेर येता कामा नये. आता प्लंजर दाबून तेच करा. टोक बाहेर यायला हवं. प्लंजर दाबून ठेवून स्लाइड हलवली तर आतला स्ट्रायकर मागेपुढे खुळखुळताना ऐकू येतो. प्लंजर बोटाने दाबताना कुठेही अडत नाही ना, तेही बघा. काही संचांत प्लंजर आणि त्याची स्प्रिंगही बदलायला दिलेली असते. त्या दोन्ही जागा मूळ भागांनीच भरलेल्या बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. तिथे ट्रिगर ओढायचा जो जोर वाचतो तो नगण्य असतो.

पिस्तूल जोडा, रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा आणि स्लाइड मागून पूर्ण वेगाने सोडा. त्यानंतर ट्रिगर पुढेच, जोर असलेला हवा. मग स्लाइडच्या मागच्या टोकाला आणि बाजूंना रबरी हातोडीने ठोके द्या आणि पुन्हा ट्रिगर तपासा. ठोक्याने तो मेला असेल तर स्ट्रायकर आपोआप सुटला आहे. हे एकदाच झालं तरी पिस्तूल अपात्र.

पडण्याचा धोका कागदावरचा नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिग सावर कंपनीने पी३२० या पिस्तुलासाठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली, कारण ठराविक कोनात पडल्यावर ते सुटू शकतं असं चाचण्यांत दिसून आलं होतं. त्या सुधारणेत जे भाग बदलले त्यांत पातळ, हलका ट्रिगर होता. पिस्तूल मागच्या बाजूवर आदळलं की ते थांबतं, पण ट्रिगर स्वतःच्या वजनाने मागे जायला बघतो. जड धातूचा ट्रिगर, हलक्या स्प्रिंगा आणि खाऊन टाकलेली मोकळी चाल एकत्र आली की हा जोर अडवायला फारसं काही उरत नाही. म्हणून सुरक्षा-पट्टी नसलेला धातूचा ट्रिगर कितीही देखणा असला तरी घेऊ नका.

बार आणि खुंटी एकमेकांना किती धरतात हे बघायला स्लाइडची मागची झाकणपट्टी कापलेली मिळते. ती लावली की पकड थेट दिसते. खुंटीची निदान दोन-तृतीयांश उंची बारने धरलेली हवी. कमी दिसली तर तिथेच थांबा. ही पकड घरी दुरुस्त करण्याची गोष्ट नाही. आणि ती कापलेली पट्टी लावून कधीही खरी गोळी चालवायची नाही.

रेंजवर

सगळं पार पडलं तरी पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. ते नीट सुटलं की दोन भरा, म्हणजे दुप्पट फायर होत असेल तर जास्तीत जास्त एकच गोळी जादा जाईल. त्यानंतर हळूहळू वाढवा. सुरुवातीलाच भरलेली मॅगझिन घालू नका. रिकामी झालेली पहिली काही काडतुसं उचलून प्रायमरवरचा खड्डा बघा: मधोमध आणि खोल हवा.

रोज बाळगायचं किंवा संरक्षणासाठी ठेवायचं पिस्तूल असेल, तर माझा सल्ला मूळ ट्रिगर ठेवण्याचा आहे. कारखान्याचा साधारण २.५ किलोचा ओढा सरावाने अंगवळणी पडतो. बाहेरचा ट्रिगर रेंजवरच्या पिस्तुलात शोभतो.

इथे हात थांबवा

- वरच्या सुरक्षा-चाचण्यांपैकी एकही, एकदाही चुकली.
- एका ओढीत दोन गोळ्या सुटल्या.
- काम होण्यासाठी काहीतरी घासावं, कापावं किंवा वाकवावं लागेल असं वाटू लागलं.
- फ्रेममधलं पिनेचं भोक लांबट झालंय किंवा त्याच्या कडेला तडा दिसतोय.
- दोष कधी येतो, कधी जातो आणि कारण सापडत नाही.

गनस्मिथकडे जाताना पिस्तूल रिकामं, स्लाइड उघडी आणि बंद पेटीत न्या. सोबत मूळ भागांची डबी, नव्या ट्रिगरची सूचनापत्रिका आणि कुठल्या तपासणीत काय दिसलं त्याची एक चिठ्ठी द्या. स्क्रू किती फिरवले, कोणती स्प्रिंग बदलली, काही घासलं असेल तर कुठे घासलं, हे सगळं लिहा. घासलेली जागा लपवू नका. ती सांगितली तर तो भाग थेट बदलला जातो, नाही सांगितली तर आधी बाकीचं सगळं उघडून बघावं लागतं.